कॅमेरा घेण्याआधी चेंडू टाकून बघा

वाचकाचं पत्र (ओळख गाळून, थोडक्यात):

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते आणि जोडीला पीएच.डी. करते. विषय तालमीतल्या तरुण मल्लांच्या गुडघ्यांचा. उडी मारून खाली येताना गुडघा किती वाकतो, आत किती झुकतो आणि एकेरी पट काढताना (म्हणजे झेपावून समोरच्याचा एक पाय धरताना) पहिलं पाऊल किती झटकन पडतं, हे मला मोजायचंय. कॉलेजनं दीड लाख रुपये मंजूर केलेत आणि ते मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत. गाइड सर म्हणतात, सेकंदाला ५०० फ्रेम्सपेक्षा कमी असेल तर पेपर कुणी छापणार नाही. एका विक्रेत्यानं १००० फ्रेम्सच्या कॅमेऱ्याचं ४ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय. दुसरा म्हणतो, ९६० फ्रेम्सचा मोबाइल घ्या, काम तेच होतं. वर्गातली पोरं म्हणतात, मॅडम, आमच्या फोनमध्ये स्लो-मो आहे की. वरचे पैसे स्वतःच्या पगारातून घालायची माझी तयारी आहे, घरी मात्र ते पटत नाही. स्वस्तातला चांगला हायस्पीड कॅमेरा कुठला?

उत्तर:

नमस्कार मॅडम,

पगारातले पैसे घालू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आज रात्रीचं जेवण तरी घरात शांतपणे होईल. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही विचारलंय कॅमेरा कुठला. पण पत्र दोनदा वाचलं तर त्यात तीन निरनिराळी मोजमापं एकाच दावणीला बांधलेली दिसतात. गुडघा किती वाकतो, हा बाजूनं दिसणारा कोन. आत किती झुकतो, हा समोरून दिसणारा कोन. आणि पटाचं पाऊल ही वेळेची गोष्ट, तिथं कोनाशी फारसा संबंध नाही. ५०० चा आकडा या तिघांपैकी कशासाठी, हे सरांनी सांगितलंय का? माझा अंदाज, नसावं. असे आकडे विभागात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. कुणीतरी कधीतरी परदेशी पेपरात वाचलेला असतो, आणि मग तो नियमच होऊन बसतो.

दोन टोकं बघा. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांची चाल मोजायची असेल, तर सेकंदाला ५०-६० फ्रेम्स पुरून उरतात. चालताना सांधे इतके संथ हलतात की त्या हालचालीतला कामाचा भाग बहुतेक ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला सहा आवर्तनांच्या, आतच असतो. म्हणून तर चालीचा डेटा सहसा ६ हर्ट्झच्या फिल्टरमधून गाळतात. त्यापुढचं जे दिसतं ते बव्हंशी कातडीचं थरथरणं आणि खुणा लावताना हललेला आपला हात. दुसरं टोक शाहू स्टेडियमवर. खेळाडू फुटबॉलला लाथ घालतो तेव्हा पाय आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम १० मिलिसेकंद. २४० फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात ते दोन-तीन चित्रांत संपतं. तिथं खरोखर हजार फ्रेम्स लागतात. तुमचा विषय तो असता, तर मीच म्हटलं असतं की त्या ४ लाख ८० हजारांसाठी आणखी एक प्रस्ताव लिहा.

तुमचं लँडिंग या दोन टोकांच्या मध्ये बसतं. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्याला आतून धरून ठेवणारा बंध, तुटतो तो पाय टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, असं अशा दुखापतींच्या व्हिडिओंच्या बारीक अभ्यासातून पुढे आलंय. तेवढ्या वेळात ३० फ्रेम्सचा कॅमेरा एक चित्र देतो, ६० चा दोन, २४० चा नऊ-दहा, ५०० चा वीस. एका चित्रावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे उघड आहे. पण दहाच्या जागी वीस आले म्हणून तुमचं उत्तर बदलणार आहे का?

हे मला विचारू नका आणि सरांनाही विचारू नका. ते फुकटात तपासता येतं. एखाद्या विद्यार्थ्याचा चांगला फोन घ्या, २४० फ्रेम्सवर पाच जणांच्या उड्या टिपा आणि गुडघ्याचा कोन काढा. मग त्याच फिल्ममधली एकाआड एक फ्रेम गाळा, १२० उरतील, पुन्हा कोन काढा. परत एकाआड एक गाळा, ६० उरतील. तिन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. २४० वरून १२० वर आल्यावर सगळ्यात जास्त वाकलेला कोन अर्ध्या-एक अंशानंसुद्धा हलला नाही, तर ४८० नं तो हलेल असं मानायला जागा उरत नाही. हललाच, तर सरांचं बरोबर, आणि मग तुमच्या हातात ‘का’ याचं उत्तर असेल. हा कागद प्रबंधात जोडा. परीक्षकाला कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो जास्त पटतो.

आता ज्यावर सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते: शटर. फ्रेम्स किती, यावर बाजारात सगळे बोलतात, पण प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी राहते, हे कुणी सांगत नाही. समजा पटाचं पाऊल सेकंदाला ५ मीटर वेगानं जातंय. शटर १/२५० असेल, तर एका चित्रात ते पाऊल २ सेंटिमीटर फासल्यासारखं दिसेल. घोट्यावर खुणेसाठी लावलेली टिकली पुसट रेघ होते, तिचा मध्य कुठला धरायचा? शटर १/१००० केलं की फासणं ५ मिलिमीटरवर येतं. पण शटर लहान केलं की उजेड चौपट लागतो. आणि आपल्या तालमी तुम्ही बघितल्यातच: जुन्या दगडी भिंती, उंचावर दोन झरोके, हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीवर, एक पिवळट दिवा. तिथं पाच लाखांचा कॅमेरासुद्धा दाणेदार काळोखच टिपेल. विक्रेता हे सांगत नाही. खोटेपणा म्हणून नव्हे, त्याला हौदा माहीतच नसतो.

म्हणून उजेडासाठी पैसे आधी बाजूला काढा. उन्हासारखा स्वस्त दिवा नाही. सकाळी नऊच्या सुमारास मोकळ्या मैदानात उड्या घेतल्या तर शटरचा प्रश्न आपोआप सुटतो. आतच घ्यायचं असेल, तर एलईडी विकत घेण्याआधी त्याच्या उजेडात फोननं स्लो-मो काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण २४० फ्रेम्समध्ये सगळा व्हिडिओ गणपतीतल्या माळेसारखा लुकलुकायला लागतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे न लुकलुकणारे दिवे असतात. लग्नसराई नसताना ते भाड्यानं देतातही.

फोनकडे येतो, कारण तुमच्या पोरांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या फोनमध्ये पूर्ण एचडी चित्रासकट २४० फ्रेम्स मिळतात. पण फोन जे म्हणतो ते करतो का, हे बघायला हवं, आणि त्यासाठी शीर्षकातला चेंडू. भिंतीला टेप चिकटवा, जमिनीपासून १२२.५ सेंटिमीटरवर खूण करा, आणि तिथून टेनिस बॉल नुसता सोडा, ढकलू नका. हे अंतर पडायला बरोबर अर्धा सेकंद लागतो. २४० च्या फिल्ममध्ये सुटण्यापासून टेकण्यापर्यंत १२० फ्रेम्स भरल्या पाहिजेत. दोन-तीन इकडेतिकडे झाल्या तर तो बोट सुटण्यातला फरक. शंभरच भरल्या, तर फोन मध्येच वेग बदलतोय. पुढे एकेक फ्रेम सरकवत जा. चेंडूचा प्रवास फ्रेमगणिक थोडाथोडा वाढत जायला हवा, जमिनीजवळ तो दर फ्रेमला सुमारे २ सेंटिमीटर. एका फ्रेममध्ये चेंडू जागच्या जागी आणि पुढच्या फ्रेममध्ये एकदम दुप्पट अंतर, असं दिसलं तर फोन जुनीच फ्रेम पुन्हा चिकटवतोय. त्या ९६० वाल्यांपैकी अनेकांत याहून वाईट प्रकार असतो: मधली चित्रं टिपलेलीच नसतात, आजूबाजूच्या दोन चित्रांवरून सॉफ्टवेअरनं अंदाजानं रंगवलेली असतात. लग्नाच्या रीळसाठी ठीक. पण संशोधनात अंदाजानं रंगवलेला गुडघा घेऊन काय करणार?

कॅमेरे विकणाऱ्यांचा हा आकड्यांचा खेळ नवा नाही. कॅसिओनं २००८ मध्ये सामान्य माणसाला परवडेल असा १२०० फ्रेम्सचा कॅमेरा काढला, तेव्हा आमच्यासारख्यांचे डोळे दिपले होते. पण १२०० वर त्याचं चित्र होतं ३३६ बाय ९६ पिक्सेल. म्हणजे फळीएवढी एक पट्टी. तिच्यात गुडघा घेतला तर घोटा बाहेर, घोटा घेतला तर गुडघा बाहेर. म्हणून कोटेशन वाचताना फ्रेम्सच्या शेजारी ‘किती पिक्सेलवर’ आणि ‘सलग किती सेकंद’ हे दोन प्रश्न पेनानं लिहून विक्रेत्याला परत पाठवा.

आणखी एक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. स्लो-मोची फाइल बऱ्याचदा ३० फ्रेम्सची म्हणून साठवली जाते, म्हणजे अर्धा सेकंद पडद्यावर चार सेकंद चालतो. आमच्या एका विद्यार्थ्यानं ती फाइल तशीच सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि हवेतल्या वेळेवरून उडीची उंची काढली. वेळेचा वर्ग, गुणिले ९.८, भागिले ८. उत्तर आलं १९.६ मीटर. पोरगा सहा मजले उडाला होता! आम्ही हसलो, दुरुस्त केलं. पण पोटात गोळा आला तो नंतर: त्याच तक्त्यातले पावलांचे वेग आठपट कमी होते आणि ते कुणाच्याच डोळ्यांत खुपले नव्हते, कारण तो आकडा ‘शक्य’ वाटत होता. व्हिडिओवरून कोन आणि वेळ मोजणारं किनोव्हिया हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तुमच्या कामाला चांगलं आहे. त्यात फिल्म किती फ्रेम्सनं टिपली ते वेगळं भरायची सोय आहे. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच ट्रॅकर हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, भौतिकशास्त्राच्या मास्तरांचं आवडतं.

या उडीच्या सूत्रावरून आणखी एक हिशेब डोक्यात ठेवा. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंची. टेकण्याचा क्षण ओळखताना एका फ्रेमची चूक झाली, तर ३० फ्रेम्सच्या कॅमेऱ्यात उंची ४ सेंटिमीटरनं चुकते, २४० च्या कॅमेऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरनं. पटाच्या पावलाला हेच लागू. म्हणून वेळेच्या प्रश्नाला २४० घ्या, तिथं कंजूषपणा नको. कोनाच्या प्रश्नाला १२० वर भागेल असं मला वाटतं, पण तुमचा कागद काय म्हणेल ते खरं.

फोनची खरी उणीव फ्रेम्सची नाही, भिंगाची आहे. त्याचं भिंग रुंद असतं, त्यामुळे मल्ल मोठा दिसावा म्हणून आपण जवळ जातो, आणि तिथंच फसतो. कॅमेरा ३ मीटरवर असताना मल्ल ठरलेल्या रेषेपासून २० सेंटिमीटर कॅमेऱ्याकडे सरकला तर माप सुमारे ७ टक्के मोठं येतं. कॅमेरा ८ मीटरवर असेल तर तीच चूक अडीच टक्के. लँडिंगपुरतं बोलायचं तर तोडगा सोपा आहे: जमिनीवर टेपनं चौकोन आखा, त्याच्या बाहेर पाय पडला तर ती उडी बाद, कॅमेरा ५ मीटरवर, फोन उभा. बोटांनी ओढायच्या झूमला हात लावू नका. पटात मात्र माणूस एका जागी राहत नाही, धावतो. तिथं खरं झूम भिंग असलेला मिररलेस कॅमेरा बरा, तो ८ मीटरवर मागे नेता येतो. लग्नवाल्यांकडे मिररलेस भरपूर असतात, बरेचसे १२० फ्रेम्सचे; वेळ मोजायची म्हणून २४० देणारा मिळतो का विचारा. दोन दिवस भाड्यानं आणा, शटर हातानं १/१००० वर लावा.

मग दीड लाखाचं काय? मी तुमच्या जागी असतो तर २४० चे, एकाच मॉडेलचे दोन आयफोन किंवा आयपॅड घेतले असते, दोन्ही मल्लाच्या समोर, पण एक डावीकडून तिरका, एक उजवीकडून. अॅपलच का, याला कारण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं बनवलेलं ओपनकॅप हे सॉफ्टवेअर अशा दोन उपकरणांवरून सांध्यांचे त्रिमितीय कोन काढतं, संशोधनासाठी ते मोफत आहे आणि अंगावर खुणा चिकटवाव्या लागत नाहीत. तेलकट, घामेजलेल्या अंगावर महाद्वार रोडवरच्या सगळ्या टिकल्या आणून लावल्या तरी तिसऱ्या उडीला निम्म्या मातीत सापडतात, हे मी अनुभवानं सांगतोय. समोरून एकाच कॅमेऱ्यात जो गुडघा ‘आत झुकलेला’ दिसतो ती खऱ्या कोनाची सावली असते. मांडी नुसती फिरली तरी ती सावली बदलते. दोन कॅमेऱ्यांचा फायदा तिथं. खरेदी समितीत कुणीतरी ‘मोबाइल हे संशोधनाचं उपकरण कसं?’ म्हणून पेन खाली ठेवणार, हे धरून चाला. त्यामुळे आयपॅड सोयीचा. सोबत अर्ध्या पानाची तांत्रिक टीप जोडा.

उरलेल्या पैशात दोन जड ट्रायपॉड, दिवे, एक मोठी हार्ड डिस्क, आणि उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेली १ मीटर बाय १ मीटरची लोखंडी चौकट, कोपरे काटकोनात आणि माप पट्टीनं तपासलेलं. ती चौकट टेपच्या चौकोनात उभी करून आधी टिपायची, म्हणजे पिक्सेलचे सेंटिमीटर होतात. ओपनकॅपला त्याचा बुद्धिबळाच्या पटासारखा छापील तक्ता लागतो, तो जाड फळीवर सपाट चिकटवा. ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांच्या खटपटीतून शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडला, तिथं एक चौकट बाहेरून मागवायची वेळ येऊ नये.

कारखान्यात तपासणीसाठी वापरतात ते औद्योगिक कॅमेरे तुमच्यासारख्या काही वाचकांच्या डोक्यात असतील. चांगले असतात. सगळं चित्र एका क्षणी टिपतात आणि दोन कॅमेरे एका तारेनं एकाच ठोक्यावर चालवता येतात. पण भिंग वेगळं, केबल वेगळी, आणि दीड मेगापिक्सेलचा कॅमेरा सव्वादोनशे फ्रेम्सवर मिनिटाला सुमारे २० जीबी ओततो. तो पसारा झेपवणारा कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस विभागात असेल, तरच त्या वाटेला जा. एकट्यानं पीएच.डी. करताना नको.

कॅमेऱ्यानं बळ मोजता येत नाही, हेही प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात कबूल करा. भाराचा अंदाज घ्यायला फोर्स प्लेट, म्हणजे पाय टेकल्यावर बळ मोजणारी जमिनीतली पाटी, लागते. तुम्ही कोन आणि वेळ सांगताय, तेवढंच सांगा.

तालमीचं काम तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, आणि मला जास्त काळजी तिथलीच वाटते. पोरं लंगोटावर असतात, आणि त्यातली बरीच १८ च्या खालची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागेल, आणि पोराचा स्वतःचा होकारही, १२ च्या पुढं तो लेखी. ओपनकॅपमध्ये व्हिडिओ इंटरनेटवरून परदेशी सर्व्हरवर जातो. हे एथिक्स कमिटीच्या अर्जात आणि पालकांच्या मराठी कागदात सरळ शब्दांत लिहा. विद्यार्थ्याच्या खासगी फोनवर ते व्हिडिओ एक दिवसही राहू देऊ नका, नाहीतर संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसला दिसतील. चाचणीच्या उड्या म्हणून कॉलेजातल्या सज्ञान विद्यार्थ्यांच्याच घ्या, तालमीत सगळं पक्कं झाल्यावर जा.

पट मोजताना खऱ्या झोंबीत कॅमेरा लावू नका. दोन अंगं एकमेकांत गुंतली की कुणाचा गुडघा कुणाचा हे माणसालाही कळत नाही, सॉफ्टवेअर तर हातच टेकतं. जोडीदार उभा, मल्ल एकटा पट काढतोय, असा सराव टिपा. तो मातीवर घ्यायचा की मॅटवर, हे आजच ठरवा. पाऊल दोन्हीकडे सारखं पडत नाही आणि अर्ध्या कामात बदललंत तर आधीचं वाया.

सरांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. ‘तुमचा आकडा चुकीचा’ असं म्हणत केबिनमध्ये जाऊ नका. तो २४०-१२०-६० चा कागद घेऊन जा आणि विचारा, ‘सर, यातला कुठला फरक आपल्याला महत्त्वाचा?’ माझ्या ओळखीच्या बहुतेक गाइडना कागदावर बोट ठेवून वाद घालायला आवडतं. त्यातून ते ५०० वर ठाम राहिले, तर एखाद्या मोठ्या संस्थेतला कॅमेरा आठवडाभर मागून आणा, दहा जणांच्या उड्या दोन्ही कॅमेऱ्यांवर एकदम टिपा. खरेदीपेक्षा ते स्वस्त पडेल, आणि एक छोटा पेपर त्यातूनच निघेल.

तालमीत जाल तेव्हा वस्तादांना आधी एक दिवस नुसतं भेटून या, कॅमेरा न घेता. दुसऱ्या खेपेला चौकट घेऊन गेलात की तेच पोरांना ती धरायला लावतील.